स्लॅबला एकही भोक न पाडता

मामाजींची अट एकच होती. "अँटेना लाव, पोल लाव, पाहिजे तर राकेट उभं कर. पण स्लॅबले भोक नाही पडलं पाहिजे."

मामाजी म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. नागपुरात मानेवाड्यातलं आमचं घर त्यांनी १९९४ साली स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं. सेंट्रिंग, सळई, रेती, सगळं डोळ्यांसमोर. वरचा स्लॅब पडल्यावर एकवीस दिवस त्यावर मातीची आळी करून पाणी साठवलं होतं, आणि ते आटलं का हे बघायला मामाजी रात्री टॉर्च घेऊन वर जायचे, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून सांगतात. त्या सांगण्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मला तेरा वर्षांत कळलेलं नाही.

मधे एकदा डिश बसवायला आलेल्या पोराने न विचारता गच्चीत चार भोकं पाडली. पुढच्या श्रावणात देवघराच्या छताला ओल आली. आधी रुपयाएवढी, मग ताटाएवढी. दोन उन्हाळे वॉटरप्रूफिंगमध्ये गेले. तेव्हापासून घरात ड्रिल मशीन बाहेर निघालं की मामाजीही खोलीतून बाहेर निघतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. लाटा, अनुनाद, परावर्तन हे सगळं फळ्यावर वर्षानुवर्षं काढून झाल्यावर एकदा वाटलं की आपण ज्याच्याबद्दल बोलतो ते आपल्या हाताने कधी केलेलंच नाही. म्हणून हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओची, परीक्षा दिली. माझं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं अधिकृत नाव, व्हीयू थ्रीने सुरू होतं, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड, मोर्सची परीक्षा न देता मिळते ती. कॉलसाइन हाती आलं, पाच वॅटचा हातातला सेट आला, आणि मी खालच्या मागच्या खोलीत बसून १४५.५०० मेगाहर्ट्झवर हाका मारू लागले. उत्तर कोणाचंच नाही.

जरीपटक्याला एक काका आहेत, तीस-पस्तीस वर्षांपासून हॅम. त्यांची चारमजली इमारत आणि वर अँटेना. आमच्या घरापासून दहाएक किलोमीटर, पण मधे अख्खं नागपूर. ते फोनवर म्हणाले, "तुम्ही बोलत असाल हो, पण तुमच्या भिंतींशी बोलून राहिल्या."

हे गणित मला यायला हवं होतं. या लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, ४.१२ ने गुणायचं: तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओचं क्षितिज. हातातला सेट दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर, तेही मोकळ्या मैदानात. आमची गच्ची साधारण बावीस फुटांवर, त्यावर वीस फुटांचा पाइप, एकूण तेरा मीटरच्या आसपास. क्षितिज पंधरा किलोमीटरवर जातं. आणि समोरच्याचं क्षितिज त्यात वेगळं मिळतं. उंचीला पर्याय नाही. उंची गच्चीवर. गच्ची मामाजींची.

अँटेना स्वतः काही अवघड नव्हती. मी घरीच केली. ३०० ला १४५ ने भागलं की लाटेची लांबी दोन मीटरच्या थोडी वर येते. तिचा पाव भाग, धातूत लाट किंचित आखडते म्हणून पाच टक्के कमी, म्हणजे एकोणपन्नास सेंटिमीटर. एक उभी कांडी तेवढी आणि खाली चार आडव्या, थोड्या लांब. गॅस वेल्डिंगवाल्याकडे ब्रेझिंगच्या पितळी कांड्या मिळतात, त्याच घेतल्या. खालच्या चारही कांड्या सरळ आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा अवरोध छत्तीस ओहमच्या आसपास राहतो. त्या पंचेचाळीस अंशांनी खाली झुकवल्या की पन्नासजवळ येतो, आणि आपली केबल पन्नासची असते. अंश मोजायला मुलीच्या कंपासपेटीतला गुण्या वापरला. तो तिला परत द्यायचा राहिला, त्यावरून एक भांडण झालं, ते इथे नको.

प्रश्न पोलचा होता. पहिला विचार मी केला तो जिन्यावरच्या खोलीच्या भिंतीचा. तिथे ब्रॅकेट मारू. मामाजी वर आले, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "चार इंची विटेची भिंत आहे हे. वादळात पोल हलला तं वीट ढिली होते. अन् वीट ढिली झाली का पाणी शिरते." म्हणजे भिंतही गेली.

मग आम्ही दोघं गच्चीवर नुसते फिरत होतो. संध्याकाळ होती. फिरता फिरता मामाजी मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमच्या खुंटाजवळ थांबले.

आमच्या गच्चीवर असे सहा खुंट आहेत. नागपुरात अर्ध्या घरांवर असतात. पुढच्या मजल्यासाठी कॉलम कठड्याइतके वर आणून सोडलेले, त्यातून सळया दीड-दोन फूट आकाशात निघालेल्या. आमच्या सळयांवर मामाजींनी गंज लागू नये म्हणून कच्च्या सिमेंटचा मुलामा दिलेला आहे, आणि तो दर तीन-चार वर्षांनी ते स्वतः नवा करतात. वरचा मजला धाकट्या दिराचा होता. दीर पुण्यात आहेत, सतरा वर्षं झाली. तिकडेच त्यांनी फ्लॅट घेतला. खुंटांविषयी घरात कोणी बोलत नाही. आत्याबाई त्यावर पापडाच्या खाटेचं एक टोक टेकवतात.

"हा कॉलम खाली फुटिंगपर्यंत गेला आहे," मामाजी म्हणाले. खुंटावर त्यांनी हात ठेवला होता. "याले पट्टीचा क्लॅम्प मार. आवळून धरू. भोक कायले पाहिजे?"

रात्री जेवणानंतर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ड्रॉइंग काढलं. कॉलम नऊ बाय बारा इंच. चाळीस बाय पाचची लोखंडी पट्टी दोन तुकड्यांत वाकवून कॉलमला चारही बाजूंनी कवळणारी, दोन्हीकडे बोल्ट. असे दोन क्लॅम्प, वर-खाली, मधे दोन फुटांचं अंतर. प्रत्येकावर यू बोल्ट, त्यात पाइप. पाइपच्या बुडाखाली स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गच्चीच्या फरशीला टोक रुतणार नाही. मापं सगळी मिलिमीटरमध्ये, खाली सही आणि तारीख. निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेल्या माणसाची.

पाइप आणायला इतवारीत लोहा ओळीत गेलो. दीड इंची जीआय, बी क्लास, पूर्ण वीस फुटी लांबी. दुकानदार म्हणाला कापून देतो, रिक्षात जाईल. मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने करवत परत टांगली. जोड म्हणजे कमजोरी. एकवीस-बावीस किलोचा तो सबंध पाइप छोट्या हत्तीवर, मागे लाल चिंधी बांधून, इतवारी ते मानेवाडा आणला. मी मागून स्कूटीवर, त्या चिंधीकडे बघत. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नलला ती चिंधी एका बुलेटवाल्याच्या तोंडासमोर बरोबर येऊन थांबली. तो काही बोलला नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

क्लॅम्प आले ते बसेनात. अर्धा-अर्धा इंच कमी. फॅब्रिकेशनवाला म्हणाला ड्रॉइंगप्रमाणे केलं. मामाजींनी टेप लावला. कॉलम दहा बाय तेरा भरला. नऊ बाय बारा हे काँक्रीटचं माप, त्यावर अर्धा इंच प्लास्टर चारही बाजूंनी. ते त्यांनी धरलंच नव्हतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. ते बराच वेळ टेपकडे बघत होते, मग म्हणाले, "प्लास्टर नंतरचं आहे." पट्ट्या परत गेल्या, नव्या आल्या.

पोल उभा केला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी. त्या वर्षी एप्रिलमध्येच पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला होता, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात. नवरा, शेजारचा मुलगा, फॅब्रिकेशनवाल्याचा पोरगा आणि मी. त्याआधी एक काम मामाजींनी करून घेतलं, ते इथे सांगायलाच हवं. घरासमोरून ११ केव्हीची लाइन जाते. अँटेना चढवताना माणसं जातात ती गच्चीवरून पडून किंवा पाइप विजेच्या तारेला लागून. आम्ही टेपने मोजलं: पाइप हातातून सुटून कुठल्याही बाजूला सबंध आडवा पडला तरी तारेपासून किमान पंधरा फूट लांब राहिला पाहिजे. म्हणून पुढचे चारही खुंट बाद. मागच्या कोपऱ्यातलाच घेतला. दिसायला पुढे चांगला दिसला असता, असं नवरा म्हणाला. त्याला अँटेनातलं काही कळत नाही, पण दिसण्यातलं कळतं.

अँटेना आणि केबल आधीच पाइपला लावून घेतली होती. बुडाचं टोक खुंटाशी दाबून धरलं आणि बाकीच्यांनी वरचं टोक उचलत उचलत चालत आणलं. अर्ध्यात असताना पाइप वाकून थरथरायला लागला आणि एक पितळी कांडी पाण्याच्या टाकीला घासून वळली. खाली घेतलं, हाताने सरळ केली, परत उचललं. दुसऱ्यांदा उभा राहिला. यू बोल्टात शिरला, नट फिरले. मामाजींनी ओळंबा आणला होता. दोन बाजूंनी धरून बघितला, एक नट अर्धा फेरा आवळायला लावला.

पोल हलू नये म्हणून ताण तीन दिले, बारा फुटांवरून, उरलेल्या खुंटांपैकी तिघांना. खरं तर ताणांमध्ये एकशेवीस अंश हवेत, पण घर बांधताना कोणी अँटेनाचा विचार करून कॉलम टाकत नाही, तेव्हा जे अंश मिळाले ते घेतले. पिवळी प्लास्टिकची दोरी वापरायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नागपूरच्या उन्हात ती एका उन्हाळ्यात भुगा होते, कपडे वाळवायच्या दोरीचा अनुभव आहे. जीआय तार घेतली आणि प्रत्येक ताणात मधे एक अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा इन्सुलेटर टाकला, विजेच्या खांबाच्या ताणाला असतो तोच.

साडेसात वाजेपर्यंत पाइपला हात लावता येत नव्हता इतका तापला. खाली तर्री पोहे आणले होते, ते थंड झाले होते, कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

शेजारच्या काकू कठड्यावरून विचारून गेल्या, "मोबाइलचा टॉवर लावून राहिले का वं? रेडिएशन होते म्हणतात." मी समजावणार होते की टेबलावरचा सेट दहा वॅटचा, तेही बोलत असताना फक्त. मामाजींनी मधेच सांगितलं, "पोलिसाच्या वॉकीटॉकीसारखा रेडिओ आहे. भाडं नाही मिळत त्याचं." भाडं मिळत नाही म्हटल्यावर काकूंचा टॉवरवरचा संशय गेला.

अर्थिंग ही मामाजींच्या आवडीची गोष्ट. घरामागे आठ फूट खोल जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. पोलपासून तिथपर्यंत लोखंडी पट्टी भिंतीच्या बाहेरून, कुठेही काटकोनात न वळवता, आणि ते अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं. मानेवाड्याची माती काळी. ओली असते तोवर उत्तम, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपचा मातीशी संबंध सुटतो. म्हणून उन्हाळाभर रोज एक बादली पाणी त्या खड्ड्यात. तरीही वीज थेट पडली तर असल्या पट्टीने सेट वाचत नाही, तेव्हा आभाळ भरून आलं की केबल सेटपासून सोडवून खिडकीबाहेर टाकायची हा आमचा नियम. मुलगीच पहिली ओरडते, "आई, वायर!"

केबल खोलीत आणायलाही भोक चालणार नव्हतंच. ती कूलरच्या खिडकीतून आणली, कूलरच्या बाजूला पत्र्यात फट असते तिथून. एकूण पंचवीस मीटर आरजी-२१३, जाड, बोटाएवढी. बारीक आरजी-५८ स्वस्त पडली असती, पण या फ्रिक्वेन्सीला पंचवीस मीटरमध्ये ती दहातले सहा-सात वॅट वाटेतच खाऊन टाकते. जाड केबल चारेक खाते. पैसे तिथे घालवले.

मीटर लावला. एसडब्ल्यूआर १.३. हा आकडा म्हणजे सेटने पाठवलेलं किती अँटेनाने घेतलं आणि किती परत आलं त्याचा हिशोब. १ म्हणजे सगळं गेलं, ३ म्हणजे पाव भाग परत. १.३ म्हणजे पोरगी फर्स्ट क्लास. पहिल्याच हाकेला जरीपटक्याचे काका आले, स्पष्ट, खोलीत बसल्यासारखे. "आता बोलून राहिल्या तुम्ही," म्हणाले. मी मामाजींना बोलावून ऐकवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "क्लॅम्पचा नट ढिला तं नाही झाला ना?"

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

पाऊस सुरू झाल्यावर काका हळूहळू बारीक होऊ लागले. जूनच्या शेवटी खरखर, जुलैत शब्द तुटायला लागले. मी मीटर बघायची तर एसडब्ल्यूआर १.१. सुधारलाच होता! दोन आठवडे मी बाकी सगळ्यांना दोष दिला. काकांच्या सेटला, मधल्या नव्या इमारतींना, भिजलेल्या झाडांना. काकांना मी चक्क फोनवर म्हटलं की तुमचा कनेक्टर एकदा बघून घ्या. तीस वर्षांच्या हॅमला. ते "बघतो" म्हणाले, आणि त्यांनी खरंच बघितला, ही गोष्ट मला नंतर कळली आणि अजून टोचते.

त्याच दिवसांत अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात होते आणि तिथून हॅम रेडिओवर भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले होते. स्थानक नागपूरवरून जायचं त्या वेळा मी लिहून ठेवल्या होत्या. १४५.८०० लावून, मुलीला मांडीवर घेऊन बसायची. खरखर. त्या घटकेला वर कोणी बोलत होतं की नव्हतं हे वेगळं, पण बोलत असतं तरी मला ऐकू आलं नसतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो मोठा पाऊस झाला, ज्याने शाळांना सुटी द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सेटच्या मागे टेबलावर पाणी दिसलं. चहाच्या बशीएवढं. मी पुसलं. संध्याकाळी परत. मी आत्याबाईंना म्हटलं, कूलरची टाकी गळते वाटतं. आत्याबाई म्हणाल्या, कूलर महिन्यापासून बंद आहे, टाकी मीच रिकामी केली.

मामाजी आले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा बदलला आणि पाण्याकडे बघत बसले. मिनिटभराने केबलच्या कनेक्टरच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, खाली पडला.

मामाजींनी तो बोटाने पुसला, बोट उजेडात धरलं. "हिरवं आहे," म्हणाले. मग वर छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "स्लॅब गळला तं पाणी घुसते एका जागी अन् दिसते दुसऱ्याच जागी. सळईच्या संगं संगं चालत येते. तुही वायरच गळून राहिली, बाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग फळ्यावर शिकवलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. भिजलेली केबल ताकद खाते. जाताना खाते, आणि जे अँटेनाकडून परत येतं तेही येताना खाते. मीटर खाली बसलेला. त्याच्यापर्यंत परत काहीच पोचत नाही, म्हणून त्याला वाटतं सगळं अँटेनाने घेतलं. केबल जितकी खराब, आकडा तितका सुंदर. १.१ बघून मी खूश होत होते तो आकडा म्हणजे केबल मेल्याची पावती होती.

खात्री करून घेतली. पाऊस थांबल्यावर पोल खाली घेतला, अँटेना काढली, केबलचं वरचं टोक मोकळं सोडलं आणि खाली अगदी कमी ताकदीवर मीटर बघितला. टोकाला काहीच नसेल तर सगळी लाट परत यायला हवी. धडधाकट असती तर या केबलने चारच्या वर आकडा दाखवला असता. दाखवला १.५. हिशोब केला: जाताना सात डेसिबलचा फटका. दहा वॅटांतले दोन वर पोचत होते, आठ केबलमध्ये. आणि ऐकतानाही तेच.

कनेक्टर उघडला तेव्हा वास आला, जुन्या तांब्याच्या भांड्यात पाणी राहिलं की येतो तसा. आतली जाळी चकाकत्या तांब्याची असते. ही काळी होती, मधे मधे हिरवी, बोटाने चोळली तर भुकटी व्हायची. मी एक फूट केबल सोलली, काळी. दोन फूट, काळी. नवऱ्याने मधे कुठेतरी कापून बघायला सांगितलं. दहाव्या मीटरलाही ओली. जाळीने वातीसारखं पाणी ओढून पंचवीस मीटर खाली टेबलापर्यंत आणून सोडलं होतं. एकही भोक न पाडता घरात पाणी आणायचा मार्ग मी स्वतः बसवला होता.

पाणी शिरलं कुठून, तर वरच्या कनेक्टरमधून. मी त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली होती. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा डिंक पातळ होऊन ओघळला, टेप सैल झाली, आणि गुंडाळलीही होती वरून खाली. मामाजींनी ती सुटलेली टेप हातात घेऊन फिरवून बघितली. "कवेलू असे लावते का कोणी? वरचा कवेलू खालच्याच्या वर पाहिजे. तू उलटे लावले."

नवी केबल आणावी लागली, सबंध. या वेळी रबराची ती टेप आणली जी ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते, तिला डिंक नसतो. गुंडाळायचं काम मामाजींनी केलं, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. त्यावर ऊन लागू नये म्हणून काळी टेप, तीही खालून वर. अँटेनाच्या मधल्या जोडावर सिलिकॉन. आणि खिडकीपाशी केबल थेट आत न आणता आधी एक फूट खाली झोका देऊन मग वर घेतली, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल. ही त्यांचीच सूचना. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायला खाच ठेवतात ना, तसं. हॅमच्या पुस्तकांत हे सगळं लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं.

मीटर लावला. १.३. आधीपेक्षा वाईट आणि खरा. काका पहिल्यासारखे आले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझा कनेक्टरही थोडा गंजला होता, बरं झालं बघितला." खरं की माझं मन राखायला, विचारलं नाही.

सप्टेंबरात एका रविवारी १४५.५०० वर एक कोवळा आवाज आला. रामटेकच्या गडावरून, हातातला पाच वॅटचा सेट घेऊन एक पोरगा. सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. उंचीवर उभा होता म्हणून शक्य झालं, पण मला तर गुदगुल्या झाल्या. मामाजी दारात उभे होते. "त्याले विचार," म्हणाले, "वर जाच्या रोडची साइड पट्टी कशी आहे. मी केली होती." तिसऱ्याचे निरोप पोचवायला हॅम रेडिओ नसतो, तसा नियम आहे. मी माझा म्हणून विचारला. पोरगा गोंधळला, मग म्हणाला, "बरी आहे, मॅडम." मामाजी मान हलवून आत गेले.

आता पोलला आणखी एक काम लागलं आहे. तुटलेला मांजा. संक्रांतीला काय होणार ते दिसतंच आहे, कारण नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी असूनही पतंग उडायला लागले की पहिला गुंता आमच्या पितळी कांड्यांतच होतो. खालच्या चार कांड्या म्हणजे मांजासाठी हातच पसरलेले. लांब बांबूला आकडा बांधून ठेवला आहे.

दिवाळीत दीर आले होते. भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी सगळे गच्चीवर, पणत्या कठड्यावर. दीर खुंटाजवळ उभे राहून म्हणाले, "बाबा, मी विचार करून राहिलो, वरचा मजला काढून टाकू. दोन खोल्या. पुढे-मागे इकडेच यायचं आहे." आत्याबाईंच्या हातातली पणती तशीच राहिली.

मामाजींनी एकदा दिरांकडे पाहिलं, एकदा वर पोलकडे. अँटेनाच्या टोकावर एक कबुतर बसलं होतं.

"काढ ना," ते म्हणाले. "कॉलम तयारच आहेत. पण पोल पहिले वरच्या स्लॅबवर न्या लागते. अन् भोक नाही पाडायचं."